घडवलं जर्मनीने, खेळतात अमेरिकेत!

मार्च उजाडला की आमच्या म्युनिकच्या ऑफिसात दोन-तीन जर्मन सहकारी सकाळी डोळे चोळत येतात. रात्रभर अमेरिकन कॉलेजांचं बास्केटबॉल बघितलेलं असतं. तिथे कॉलेजांचे गट असतात, त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. प्रत्येक गटाची बाद पद्धतीची स्पर्धा होते. जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो. पुण्याचा 'पुरुषोत्तम करंडक' आठवा, कॉलेजच्या नावाने तसाच आरडाओरडा! ('बिग टेन' या गटात आता १८ कॉलेजं आहेत. गणित विचारू नका.)

जर्मनांना यात एवढा रस का? २०१८ची बिग टेन स्पर्धा मिशिगनने जिंकली, तेव्हा सर्वोत्तम खेळाडू ठरला बर्लिनचा मोरित्झ वॅग्नर. पुढे धाकटा फ्रान्झही मिशिगनलाच गेला. दोघे अल्बा बर्लिन क्लबमध्ये घडलेले. इथे खेळ कॉलेजात नाही, 'फेराइन'मध्ये वाढतो, म्हणजे आपल्या मंडळासारखी सभासदांची संस्था. माझा मुलगा जातो तिथले कोच दिवसा पोस्टात नोकरी करतात, संध्याकाळी पोरांना शिकवतात. अशा पायावर जर्मनी २०२३मध्ये जगज्जेता आणि २०२५मध्ये युरोपविजेता झाला.

पूर्वी अमेरिकन कॉलेजं फक्त शिष्यवृत्ती देत. २०२१पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. २०२५च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तर कॉलेज थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा, सगळे खेळ धरून, कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याच वर्षी बायर्न म्युनिकचा इव्हान खार्चेन्कोव्ह अ‍ॅरिझोनाला आणि वुर्झबर्गचा हानेस श्टाइनबाख वॉशिंग्टनला गेला.

फुटबॉलमध्ये कोवळा खेळाडू परदेशी क्लबात गेला, तर त्याला घडवणाऱ्या क्लबला नियमाने भरपाई मिळते. कॉलेजांना तसं बंधन नाही. करारात रक्कम लिहिली असेल तरच काही हाती लागतं. पोरांना अडवू नये, पण एवढा पैसा वाटणाऱ्या कॉलेजांनी फेराइनचा वाटा द्यायलाच हवा, असं माझं मत.

हे मी सहकाऱ्याला तावातावाने सांगितलं खरं, आणि मग जरा चपापलो. सरकारी कॉलेजात, कमी फीमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर झालो, कर मात्र जर्मनीत भरतो. त्याला म्हटलं, "मीसुद्धा त्यातलाच की रे!"

तो हसून म्हणाला, "पण वॅग्नर बंधू देशासाठी खेळायला परत येतात."

मी मे महिन्यात येतो. आंबे खातो आणि परत जातो.