चंदगडमध्ये कुणाचं पीककर्ज फिटतं, कुणाचं थकतं? खरा फरक इथं आहे

मार्च आला की गावोगावच्या विकास सेवा संस्थेत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायच्या घाईत असतो. दुसरा म्हणतो, "थांबूया की, माफी होणार म्हणे." कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या चंदगडमध्येही हेच. मग पहिला प्रामाणिक आणि दुसरा बुडवा का?

तसं नाही. बऱ्याचदा फरक असतो तो पैसा कुठल्या वाटेनं येतो याचा.

जिल्हा मध्यवर्ती बँक, म्हणजे केडीसीसी, गावच्या संस्थेला पैसे देते आणि संस्था सभासदाला. ऊस कारखान्याला गेला की बिलातून कर्ज आधी कापलं जातं, उरलेलं शेतकऱ्याला मिळतं. वसुलीला कुणाच्या दारात जावंच लागत नाही. ऊसपट्ट्यातली वसुली चांगली दिसते, त्यात या कपातीचा वाटा मोठा आहे.

पण चंदगड म्हणजे नुसता ऊस नाही. भात, नाचणी, काजू, रताळी असं सगळं पिकतं. रताळी बेळगावच्या मार्केटला जातात, काजू बी व्यापारी नेतो. इथं मधे कपात करणारं कुणी नाही. अवकाळी पावसानं काजूचा मोहोर गळाला किंवा हत्ती-गव्यांनी भात तुडवलं, तर हातात आलेल्या पैशातून आधी घर, दवाखाना, पोरांची फी भागते. संस्थेचा नंबर शेवटी.

बरं, ऊसवाल्यांची वाटही पक्की नाही. हलकर्णीचा दौलत साखर कारखाना कर्जात बुडाला आणि कित्येक हंगाम बंद राहिला. शेवटी जिल्हा बँकेनं ताबा घेऊन २०१९ मध्ये तो अथर्व कंपनीला चालवायला दिला. म्हणजे ज्याच्या बिलातून शेतकऱ्याचं कर्ज वसूल व्हायचं, तो कारखानाच बँकेचा थकबाकीदार! कायद्यानं ऊसबिल १४ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर १५ टक्के व्याज. पण बिल लांबलं की शेतकऱ्याचीही मुदत हुकू शकते.

आणि मुदत हुकणं महागात पडतं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. उशीर झाला की ही सवलत गेली.

राहिला माफीचा मुद्दा. २०१७ मध्ये थकबाकीदारांना दीड लाखापर्यंत, २०१९ मध्ये २ लाखांपर्यंत माफी मिळाली. नियमित फेडणाऱ्यांना पहिल्या वेळी जास्तीत जास्त २५ हजार, दुसऱ्या वेळी ५० हजार, तेही २०२२ उजाडल्यावर. वेळेत भरणाऱ्याला हा हिशोब खटकणारच. पण माफीच्या भरवशावर राहणंही कोल्हापूरला नडलंय. २००८ च्या माफीतले ११२ कोटी कर्जमर्यादेचं कारण देत नंतर अपात्र ठरवले गेले आणि शेतकऱ्यांना कोर्टात जावं लागलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं पुन्हा सांगितलं, कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ. वसुलीचा मार्च त्याच्या तीन महिने आधी येतो.