कपाटाची कड

देवासला घरात लाकडाचं काम निघालं की मिस्त्रीला बोलावणं जातं, आमच्या गोव्यात मेस्ताला. दोन्ही शब्द एकाच घरचे. पोर्तुगीज 'मेस्त्र', म्हणजे उस्ताद, त्याचा इथे मेस्त झाला आणि उत्तरेकडे फिरत फिरत मिस्त्री झाला. इंदूर-देवासकडची मराठी माणसं कपाटाला सर्रास अलमारी म्हणतात, तीही पोर्तुगीजांचीच देणगी. तेव्हा पणजीत बसून धार-देवासच्या अलमारीबद्दल लिहायला माझा थोडासा तरी हक्क पोचतो, असं मी धरून चालतो!

विषय अलमारीचाही नाही, तिच्या कडेचा आहे. प्लाय किंवा पार्टिकल बोर्ड कापला की जी उघडी कड राहते, तिच्यावर जी पट्टी बसवतात तिचा. सुतारांच्या भाषेत 'एज बँडिंग'. हा काय लेखाचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा खाजगी चिटणीस होता. त्या दिवसांची पत्रं त्याने पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात छापली. राजवाड्यातल्या सामानाचं त्यात जे वर्णन आहे ते वाचताना हसूही येतं आणि पोटात कालवतंही. कोरे पियानो, पण वाजत नाहीत, कारण कोरड्या हवेने त्यांचे सांगाडे तडकले आहेत. एका खोलीत टॉवेल टाकायच्या लाकडी घोड्या डझनांनी पडलेल्या, सगळ्या वाकलेल्या. लोक हे संस्थानी गलथानपणाचं उदाहरण म्हणून वाचतात. मला त्यात माळव्याचा उन्हाळा दिसतो. थंड, ओल्या मुलखात घडलेलं लाकूड त्या हवेत आणून ठेवलं, मग दुसरं काय होणार? लाकूड तोडल्यावरही हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, आणि तसं फुगतं नि आक्रसतं. माळव्यात ते तडकतं, आमच्याकडे जून ते सप्टेंबर फुगतं आणि दारं चौकटीत अडकतात.

प्लायवुड आणि पार्टिकल बोर्ड हा या दुखण्यावरचा उपाय आहे, हे आपण विसरतो. प्लायमध्ये एकावर एक पातळ थर आडवे-उभे चिकटवतात, त्यामुळे एका थराची ओढ दुसरा थर धरून ठेवतो. पार्टिकल बोर्डात लाकडाचा चुराच राळेत दाबलेला, त्याला रेषाच नाही, मग वाकणार कुठल्या दिशेने? पण या उपायाने एक नवीन जखम दिली. अस्सल सागवानाच्या फळीला कड अशी वेगळी नसते, आत-बाहेर तेच लाकूड. बोर्डाला मात्र सनमायका लावलेला गुळगुळीत चेहरा असतो आणि कडेला त्याचं पोट उघडं पडतं. ते पोट म्हणजे स्पंज. पाणी तिथूनच शिरतं, भुसा फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्वीच्या जाडीवर परत येत नाही. गोव्यातल्या कुठल्याही फ्लॅटमधलं सिंकखालचं कपाट दोन पावसाळ्यांनंतर उघडून बघा. शिवाय या बोर्डांतल्या राळेतून फॉर्मल्डिहाइड हळूहळू हवेत सुटत असतं, आणि उघड्या कडेतून ते जास्त सुटतं. म्हणजे ती पट्टी नऊवारीच्या काठासारखी शोभेची नाही, ती छत्री आहे.

आता ही पट्टी मारायची कशी? मिस्त्रीची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कडेला आणि पट्टीला दोन्हीकडे रबरी सोल्यूशन फासायचं, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने दाबत जायचं, आणि बाहेर आलेला भाग पटाशीने नाहीतर कानशीने साफ करायचा. दाब कुठे जास्त, कुठे कमी. मध्ये धुळीचा कण आला की तिथे फोड. ४२ अंशांच्या माळवी दुपारी ते सोल्यूशन नरम पडतं आणि पट्टीचं टोक जीभ दाखवू लागतं. आणि त्या सोल्यूशनचा वास! बंद खोलीत दिवसभर तो वास घेत काम करणाऱ्या माणसाबद्दल आपण कधी विचार करत नाही.

स्वयंचलित यंत्रात हेच काम एका रांगेत होतं. पाट एका टोकाने आत सरकतो. आधी दोन कटर करवतीने ठेचाळलेली कड जेमतेम मिलिमीटरभर तासून सरळ करतात. मग दोनशेच्या आसपास अंशांवर वितळलेला गोंद रोलरने लागतो, त्याच क्षणी गुंडाळीवरून पट्टी येते आणि दाबाचे रोलर ती बसवतात. १८ मिलिमीटरच्या पाटाला २२ मिलिमीटरची पट्टी लावतात, पुढेमागे राहिलेली टोकं आणि वर-खाली आलेली झालर पुढचे कटर कापतात, त्यानंतर स्क्रेपर, शेवटी कापडी चाकांची पॉलिश. मिनिटाला दहा-पंधरा मीटर कड सहज होते. यातही गंमत म्हणजे गोंदाची. नेहमीचा गोंद उष्णतेने वितळतो, म्हणजे शेगडीशेजारी पुन्हा नरम पडू शकतो. पीयूआर नावाचा महागडा गोंद मात्र हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन कायमचा घट्ट होतो. ज्या पाण्याला अडवायचं, त्याच पाण्याच्या मदतीने. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आवडलं होतं.

आमच्या सांस्कृतिक वर्तुळात यंत्र म्हटलं की लगेच हस्तकलेचा गळा दाटून येतो. धार जिल्ह्यातल्या बाघच्या छापकामाबद्दल तो दाटून आला तर मीही रुमाल काढीन. तिथे ठसा उमटवणाऱ्या हातात कला आहे. पण प्लॅस्टिकची पट्टी सोल्यूशनने चिकटवण्यात कसली कला? ती हमाली आहे. मिस्त्रीची कला मापात आहे, भिंत वाकडी असताना कपाट सरळ उभं करण्यात आहे, दार बिजागरीवर असं टांगण्यात आहे की ते बोटाने ढकललं तरी बंद व्हावं. यंत्र त्याला हमालीतून सोडवत असेल तर यंत्राचं स्वागत करावं.

प्रश्न यंत्राचा नाहीच, ते कुणाच्या मालकीचं आहे याचा आहे. पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत नोकरी करणारी माणसं आता फ्लॅट घेतात, आणि फ्लॅटमध्ये तयार मॉड्युलर कपाट येतं. ते कारखान्यात कापून, कडा मारून, खोक्यात भरून येतं. मिस्त्रीच्या वाट्याला उरतं स्क्रू पिळणं. कालपर्यंत तो मेस्त्र होता, आज फिटर. केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३ पासून) सुताराला अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज. हातातलं ट्रिमर, ड्रिल यासाठी ठीक आहे. पण कड मारायचं पूर्ण यंत्र काही लाखांपासून सुरू होतं आणि चांगलं घ्यायचं तर आकडा बराच वर जातो. एकट्या मिस्त्रीने ते घेऊही नये, दिवसातले आठ तास त्याला पुरेल एवढं काम त्याच्याकडे नसतं.

मोठ्या शहरांत यावर तोड निघाली आहे. जॉबवर्कची दुकानं असतात: मिस्त्री मापांचा कागद देतो, पाट कापून, कडा मारून मिळतात, पैसे फुटाच्या किंवा मीटरच्या हिशेबाने. असं दुकान धार-देवाससारख्या, आणि आमच्या फोंडा-डिचोलीसारख्या गावांत चार-पाच मिस्त्रींनी मिळून काढावं, आणि सरकारने पैसा तिथे घालावा. सामायिक सुविधा केंद्रांसाठी लघुउद्योग क्लस्टर योजनेत पैशाची तरतूद आहेच.

गिऱ्हाईकांबद्दलही एक बोललंच पाहिजे. आपण रंग बघतो, हँडल बघतो, किंमत बघून तोंड वाकडं करतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून अनेकदा दिसणाऱ्या कडेला दोन मिलिमीटरची जाड पट्टी आणि पाठीमागच्या, तळाच्या कडेला काहीच नाही. फरशी पुसताना पाणी तळालाच लागतं! कपाट घेताना खाली हात घालून तळाची कड चाचपा. खरखरीत लागली तर तिथेच बोला, भीड धरू नका.

इंदूरहून धारच्या वाटेवर बेटम्याच्या बाजूला फर्निचर क्लस्टरची योजना गेली काही वर्षं ऐकू येते आहे. मोठ्या उद्योजकांना जमीन मिळेल, यंत्रं येतील, उत्तम. तिथे फाटकाशी एक जॉबवर्कची खिडकीही ठेवावी, एवढं माझं मागणं आहे. धारचा मिस्त्री सकाळी चार पाट टेम्पोत घालून येईल, फुटाचा भाव मोजील, आणि संध्याकाळी आपल्या गिऱ्हाइकाच्या घरी आपलं कपाट उभं करायला परत जाईल.