उसनवारीचा न्यूट्रल

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनींना वॉशिंग मशिनचा शॉक बसला. बाल्कनीची फरशी ओली, पायात चप्पल नाही आणि कपडे काढायला म्हणून मशिनच्या पत्र्याला हात लागलेला. झटक्याने त्या मागे फेकल्या गेल्या, म्हणून वाचल्या. आरडाओरडा ऐकून मी धावलो. मशिन ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालत होते, त्याची अर्थिंगची तार आतून तुटलेली होती. ते एक वेळ समजू शकते. पण दारामागच्या डीबीत अर्थ लीकेजचे दोन ब्रेकर होते आणि शॉक बसून गेल्यावरही त्यांचे खटके दिमाखात वरच होते. मी एकाचे ‘टी’ लिहिलेले बटण दाबले. खटका पडला, पण घरातले दिवे, पंखे, फ्रिज सगळे चालूच! झाकण उघडले तेव्हा उलगडा झाला. मीटरकडून येणाऱ्या आणि घरात जाणाऱ्या तारा ब्रेकरच्या वरच्याच स्क्रूंमध्ये एकत्र आवळलेल्या होत्या. म्हणजे ब्रेकर केवळ शोभेला.

वायरमनला बोलावले. पोरगा कामसू आहे, लबाड नाही. तो म्हणाला, “काका, इन्व्हर्टर बसवल्यापासून दोन्ही ट्रिप मारत होते. नवीन आणून लावले तरी तेच. घरात अंधार, सगळे वैतागले. मग डायरेक्ट करून दिलं.”

कारखान्याच्या विद्युत विभागात मी तीस वर्षे काढली. ‘डायरेक्ट करून दिलं’ हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की, त्याचा आता रागही येत नाही. मात्र त्यामागचा समज खोडून काढावा असे वाटते. ब्रेकर सारखा पडतो म्हणजे ब्रेकर खराब, असा तो समज. बहुतेक वेळा ब्रेकर खरे बोलत असतो.

त्याचे काम एका सावकाराच्या कारकुनासारखे आहे. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, एवढेच तो पाहतो. दोन्ही तारा त्याच्या पोटातल्या एका कड्यातून जातात. जावक आणि आवक जुळली तर कड्याला काहीच जाणवत नाही. ३० मिलिअँपिअरची तूट आली, की तो क्षणार्धात खटका पाडतो. कारण ती तूट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असण्याची शक्यता असते. प्लगसाठी लावतात तो १६ अँपिअरचा एमसीबी याच्या पाचशेपट वीज वाहिली तरी जागचा हलत नाही. तो तारांना वाचवतो, माणसाला नाही. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकांनी विजेचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आणि १९६०च्या दशकात अशा जातीचे उपकरण घराघरांसाठी घडवले, ते याच कारणासाठी.

आता शेजाऱ्यांच्या घरातला हिशेब पाहा. तिथे एक ब्रेकर दिव्या-पंख्यांचा, दुसरा गीझर, मशिन वगैरे प्लगांचा. इन्व्हर्टर जोडला प्लगवर, म्हणजे दुसऱ्या ब्रेकरवर. त्यातून निघालेला फेज नेला दिव्यांना. दिव्यांचा न्यूट्रल मात्र होता तिथेच, पहिल्या ब्रेकरच्या लिंकवर. वीज एका खात्यातून गेली आणि दुसऱ्या खात्यात जमा झाली. एकात तूट, दुसऱ्यात अकारण भर. दोन्ही कारकून ओरडणारच! गळती कुठेही नव्हती. होती ती उसनवारी. नवीन ब्रेकर आणून हा हिशेब कसा जुळणार? पोराने मध्यंतरी दोन्ही न्यूट्रल लिंका एकमेकींना जोडूनही पाहिल्या होत्या. त्याने घोळ वाढलाच, कारण परतीची वीज मग वाट फुटेल तशी दोन्हीकडे वाटली जाते.

ही खोड आली कुठून? केसिंग-केपिंगच्या आणि किटकॅट फ्यूजच्या काळात घराला एकच न्यूट्रल असे. कुठल्याही दिव्याची परतीची तार जवळच्या कुठल्याही न्यूट्रलला जोडली तरी दिवा लागे, आणि तार वाचवणारा वायरमन हुशार ठरे. रो-हाउसच्या जिन्यातला दिवा हे ठरलेले उदाहरण: फेज वरच्या मजल्याचा, न्यूट्रल खालचा. आजही मजुरी पॉइंटच्या दराने ठरते. भरलेल्या पाइपातून आणखी एक तार ओढायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. उस्तादाकडून शिकलेले हात मग जवळची वाट धरतात. दोष एकट्या त्यांच्या पदरात घालणे मला मान्य नाही.

शिवाय उसन्या न्यूट्रलचा पहिला बळी बहुधा तोच असतो. एमसीबी पाडला, टेस्टर लावून पाहिला, दिवा नाही; म्हणून तो निर्धास्त न्यूट्रलचा जोड सोडतो. त्याच तारेवरून शेजारच्या सर्किटची वीज परतत असेल, तर सुटलेले टोक त्याच्या हातात जिवंत होते. दोन सर्किटांचा भार एकाच न्यूट्रलवर पडला तर ती तार तापते ते वेगळेच, कारण एमसीबी फक्त फेजवर पहारा देतो.

कायदा नाही असे नाही. १९५६च्या भारतीय वीज नियमांत ६१-अ हा नियम होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३च्या नियमावल्यांतही गळती-संरक्षण आहे. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल लागतो. पण त्यानंतर घरात इन्व्हर्टर येतो, एसी येतो, स्वयंपाकघराचे नूतनीकरण होते. तेव्हा कोण तपासतो? देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावतात. लिफ्टच्या देखभालीचा करार न चुकता करणाऱ्या आमच्या सोसायट्यांना घरातला बदल परवानाधारकाकडून तपासून घेण्याची अट घालणे इतके अवघड का वाटावे? बोर्डाच्या झाकणाआड कोणता न्यूट्रल कोणत्या सर्किटचा, हे लिहिलेला कागद चिकटवायला तर खर्चही नाही.

ब्रेकर सर्वज्ञ नाही, हेही सांगायला हवे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही. त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे एक बल्बच.

शेजारी आम्ही पूर्ण दिवस काम केले. मेन बंद, सगळे न्यूट्रल लिंकवरून सोडले आणि मीटरने एकेक जोडी तपासली. हॉल आणि बेडरूम आतून एकमेकांत मिळालेले निघाले, कुणा जुन्या कारागिराची करामत. इन्व्हर्टरला त्याचा स्वतंत्र न्यूट्रल दिला. भिंत दोन ठिकाणी फोडावी लागली. वहिनींना रंगाची चिंता, भाऊंना खर्चाची. पोराची दिवसाची मजुरी मी त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतली होती. संध्याकाळी ब्रेकर पुन्हा रीतसर जोडले, इन्व्हर्टर चालू केला; खटके वरच राहिले. मग वहिनींनाच म्हटले, दाबा ते बटण. त्यांनी जरा बिचकतच दाबले, एकामागून एक दोन्ही. हॉलमध्ये तेवढे इन्व्हर्टरवरचे दिवे राहिले. भाऊंनी तोही बंद केला आणि घर पूर्ण अंधारात बुडाले.