विश्लेषण : म्यानमारची निवडणूक आणि हदगावची तूर

तुरीच्या व्यापारात ‘लेमन’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. म्यानमारहून जहाजाने येणाऱ्या तुरीला व्यापारी याच नावाने ओळखतात. लेमनचा दर उतरला की लातूरच्या डाळ मिलांची खरेदी बदलते आणि त्याचा धक्का हदगावच्या मोंढ्यातल्या सौद्याला बसतो. म्हणूनच म्यानमारमध्ये डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये लष्कराने टप्प्याटप्प्याने उरकलेली निवडणूक आपल्याला वाटते तितकी दूरची नाही.

वाद नेमका कशाचा?

८ नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत आंग सान स्यू ची यांच्या ‘नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी’ने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या, तर लष्कराच्या पाठबळावरील पक्षाला अवघ्या ३३ मिळाल्या. मतदारयाद्यांत घोटाळा झाल्याचा लष्कराचा आरोप निवडणूक आयोगाने फेटाळला. तरीही १ फेब्रुवारी २०२१ रोजी, नवी संसद भरण्याच्या दिवशीच, सेनापती मिन आंग लाइंग यांनी सत्ता बळकावली. २०२३ मध्ये स्यू ची यांचा पक्ष विसर्जित ठरवण्यात आला. ताज्या निवडणुकीत तो नव्हता आणि देशाच्या अनेक भागांत मतदानच झाले नाही. अशा मतदानाला कौल म्हणायचे का, हा प्रश्न आता शेजाऱ्यांपुढे आहे.

शेजाऱ्यांनी काय केले?

‘आसियान’ने २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्तात पाच कलमी सहमती केली. हिंसा थांबवा, सर्वांशी बोला, विशेष दूताला सर्व पक्षांना भेटू द्या, मदत पोहोचू द्या, असा तिचा आशय. त्या बैठकीला मिन आंग लाइंग स्वतः हजर होते. परतल्यावर मात्र ‘परिस्थिती स्थिरावली की या सूचनांचा विचार करू’ असा सूर लष्कराने लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शिखर परिषदेतून आसियानने त्यांना वगळले. एकमेकांच्या कारभारात नाक न खुपसण्याचे व्रत पाळणाऱ्या संघटनेसाठी हे थोडेथोडके नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये लांगकावीत परराष्ट्रमंत्र्यांनी आधी शस्त्रसंधी, मग निवडणूक, असेही बजावले. पण मोडल्यास शिक्षा नसलेला नियम किती पाळला जाणार?

आणि दिल्ली?

भारताची म्यानमारशी १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ पलीकडे, चीनचा वावर वाढता, कलादान प्रकल्प रखडलेला. १९८८च्या उठावानंतर भारताने लोकशाहीवाद्यांची उघड बाजू घेतली होती, स्यू ची यांना १९९३चा जवाहरलाल नेहरू पुरस्कारही दिला. त्यातून पदरात फारसे काही पडले नाही आणि नव्वदच्या दशकात धोरण लष्कराकडे वळले. तेव्हा सावधगिरी समजण्यासारखी आहे. मात्र सावधगिरीच्या नावाखाली चाललेला सौदा समजण्यासारखा नाही.

जून २०२१ मधल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारला शस्त्रे पोहोचू नयेत असे सांगणारा ठराव ११९ मतांनी मंजूर झाला. भारत तटस्थ राहिला. त्याच महिन्यात म्यानमारकडून पाच वर्षे, दरवर्षी एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद घेण्याचा करार झाला. २०२५-२६ हे त्याचे शेवटचे वर्ष. तुरीची आयात तर मे २०२१पासूनच खुली झाली होती.

हदगाव, हिमायतनगरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी विचारले होते? २०२५-२६ च्या हंगामात कागदावर तुरीचा हमीभाव ८,००० रुपये होता. बांधावर भाव पडला की सरकार महागाईकडे बोट दाखवते. ग्राहकाची काळजी रास्तच, पण तिचा सगळा भार मराठवाड्यातल्या शेतकऱ्यावर का?

खरेदी एकदम तोडा, असे आम्ही म्हणणार नाही. म्यानमारचे लोक तूर फारशी खात नाहीत, ती मुख्यतः आपल्यासाठीच पिकते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिथले भाव कोसळले आणि मार बसला तो तिथल्या शेतकऱ्याला, सेनापतींना नव्हे. पण त्यातूनच दिसते की दिल्लीच्या हातात काय आहे. तिथल्या निर्यातदाराला मिळालेल्या परकीय चलनाचा ठरावीक हिस्सा सरकारी दराने मोडावा लागतो. म्हणजे आपल्या डाळीच्या पैशातला वाटा थेट राजवटीकडे जातो. डाळीचा करार पुढे चालवायचाच, तर पहिली बोलणी या अटीवर व्हावीत. आयातीचे प्रमाण आणि वेळ इथली तूर मोंढ्यात येण्याचे दिवस पाहून ठरावी. आणि मिझोराममध्ये आश्रयाला आलेल्या तीस हजारांवर चिन लोकांचा खर्च केंद्राने उचलावा. मार्च २०२१ मध्ये त्यांना रोखण्याचे आदेश केंद्राने दिले, तेव्हा मिझोरामने ते मानले नव्हते.