कोयनेचा जुना नकाशा

नवा नकाशा आला की जुना खोटा ठरला असे समजून तो रद्दीत टाकण्याची रीत सर्वत्र आढळते. कोयनेच्या खोऱ्याचा धरणापूर्वीचा नकाशा ज्याने पाहिला, त्याला ही रीत पटणार नाही.

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कडेने दक्षिणेस वाहते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांत अशा खोऱ्यातली गावे तांबड्या रंगाने, शेते पिवळ्या रंगाने आणि पाऊलवाटा तुटक रेषांनी दाखवीत. शिवाय सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्चरेषा असत. हेळवाकच्या वरच्या अंगास या रेषा दोन्ही बाजूंनी नदीला खेटून येतात. म्हणजे खोरे तेथे अरुंद आहे. धरण बांधणाऱ्यांना अशीच जागा हवी असते!

१९६४ साली तेथे १०३ मीटर उंचीचे धरण पुरे झाले आणि पाणी सुमारे ५० किलोमीटर मागे पसरले. तोच शिवसागर जलाशय. धरणाची उंची ठरली, त्याच वेळी जलाशयाचा काठही ठरला होता. जुन्या नकाशावरची एक समोच्चरेषा, एवढाच तो काठ. रेषेच्या वरची घरे राहिली, खालची उठली.

कोयनेच्या विजेने महाराष्ट्रातील कारखाने चालले, घरोघर दिवे लागले. हा लाभ मोठा आहे व तो कोणी नाकारू नये. परंतु ज्यांच्या शेतांवर पाणी चढले त्यांना त्याचे मोल द्यावे लागले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे धरण पुरे झाल्यावर बारा वर्षांनी. हा उशीर लहान म्हणता येत नाही.

नव्या नकाशात तेथे केवळ निळा रंग आहे. तो खरा आहे, पण अपुरा. म्हणून शाळेच्या भिंतीवर दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावावेत. कोयनेकाठची कित्येक कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसली. त्यांतील एखाद्या मुलाला ‘तुझ्या आजोबांचे गाव दाखव’ असे वर्गात सांगितले, तर त्याला बोट ठेवायला जागा केवळ जुन्या नकाशावर आहे.