शुक्रवार सोडून

ब्रुनेईला निघालेले लोक आधी बाटलीची चौकशी करतात. तिथे दारूविक्रीला बंदी. बिगरमुस्लिम प्रौढ पाहुण्याला २ बाटल्या आणि बिअरचे १२ कॅन नेता येतात, तेही कस्टम्सला सांगून. तेवढ्यापायी हा देश यादीतून खोडणारे करंटेच! चौकशी करायची ती वाराची. शुक्रवारी दुपारी १२ ते २ नमाजासाठी दुकानं, हॉटेलं, सगळी शटरं खाली. सिंगापूरचा डॉलर तिथे स्थानिक डॉलरच्या बरोबरीने चालतो, पण बंद शटरपुढे कुठलाच चालत नाही. एरवी होडीने काम्पोंग आयर गाठावं, पाण्यात खांबांवर उभी घरं बघावीत आणि सागो ताडाच्या पिठाचं चिकट अंबुयात बांबूच्या दुहेरी काडीला गुंडाळून, आंबटतिखट चटणीत बुडवून, न चावता गिळावं. चावणारा पाहुणा लगेच ओळखू येतो.