नो फॉल्ट फाउंड

"चालू आहे की ओ सर!" काउंटरपलीकडून आवाज आला आणि माझी रॅमची स्टिक परत माझ्या हातात पडली. पहाटे पाचची एसटी, चार तासांचा प्रवास, ओरिजिनल बिल, बिलाची झेरॉक्स, वर आधार कार्डाची झेरॉक्स (रॅमला आधार कशाला, देव जाणे)... आणि टेस्टिंग किती वेळ? तीन मिनिटं! त्यातलं एक मिनिट स्क्रू-ड्रायव्हर शोधण्यात गेलं.

आधी रोग सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे साठवून पीसी असेंबल केला. ८ जीबीच्या दोन स्टिक्स, पुण्याच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. पंधरा दिवस मशीन झकास. मग प्रोजेक्टचं ॲनालिसिस रन करायला लावलं की तासा-दीड तासानं निळा स्क्रीन. रूममेट म्हणाला व्हायरस. शेजारच्या रूममधला म्हणाला विंडोज परत टाक. तीनदा टाकलं. शेवटी एका सीनियरनं पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट दिलं. हे फुकटातलं सॉफ्टवेअर विंडोजशिवायच चालतं. मेमरीत ठरावीक पॅटर्न लिहायचा, परत वाचायचा, जुळतो का बघायचा, बस्स. एकेक स्टिक वेगळी लावून रात्रभर चालवलं. एक स्टिक स्वच्छ. दुसरीवर पहिला तास काहीच नाही, आणि मग गरम झाल्यावर लाल ओळी सुरू. स्लॉट बदलला, तरी त्याच स्टिकवर. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष, आरोपी सापडला.

आता हिशेब बघा. ८ जीबी म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी बिट्स. त्यातला एक बिट गरम झाल्यावर उलटा वाचला जातो. कॉम्प्युटर सुरू होताना मेमरीची जी तपासणी होते ती वरवरची, त्यात हा कसा सापडणार? आणि निळा स्क्रीन परवडला हो, निदान कळतं तरी. तोच बिट माझ्या स्ट्रेसच्या आकड्यात बसला असता तर मशीन बंद न पडता चुकीचं उत्तर मिळालं असतं, आणि मी ते रिपोर्टमध्ये छापून गाइडची सही घेऊन मोकळा झालो असतो!

दुकानदारानं हात वर केले. "आमच्याकडं सात दिवस, नंतर सर्व्हिस सेंटर." सर्व्हिस सेंटरनं लावून पाहिलं, डिस्प्ले आला, विषय संपला. मी मोबाइलवरचे एररचे फोटो दाखवले. तर म्हणे, "हे आमच्या मशीनवरचे नाहीत." म्हटलं, तुमच्या मशीनवर दोन तास चालवा, मी बसतो इथं. तर टेबल रिकामं नाही. कॉल शीटवर शिक्का पडला: नो फॉल्ट फाउंड.

चिडून काही उपयोग नव्हता. समोरचा पोरगा आपल्याच वयाचा, डिप्लोमा झालेला. गर्दी ओसरल्यावर चहाच्या टपरीवर भेटला तेव्हा खरं बोलला. "कॉल ओपन राहिला तर संध्याकाळी मला विचारतात. नो फॉल्ट टाकून बंद केला तर कुणी काही विचारत नाही."

हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. परतीच्या एसटीत आठवलं, आपल्याच लॅबमध्ये! माइल्ड स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० ते २१० जीपीएच्या दरम्यान यायला हवा, हे आपल्याला पाठ असतं. १६० आला तर आपण काय करतो? एक्स्टेन्सोमीटर घसरलाय का बघतो? नाव नको. मागच्या बॅचचं जर्नल उघडतो. १६० लिहिला तर सर दहा प्रश्न विचारतात, २०५ लिहिला तर सही मिळते. (सरांनी रागावू नये. सत्तर जर्नल्स तपासायची असली की कुणीही हेच करेल.) त्या काउंटरवरच्या पोराला शिव्या घालताना माझी जीभ जरा अडखळली, ती यामुळं. उत्तर आधी ठरवून टेस्ट घेण्याची प्रॅक्टिस आपण चार वर्षं करतो, तो पगार घेऊन करतो, एवढाच फरक.

म्हणून माझं मागणं बदली पार्टपुरतं नाहीच. वॉरंटी नाकारायची तर खुशाल नाकारा, पण कागदावर लिहून द्या: कोणती टेस्ट लावली, किती वेळ, किती तापमानाला, कुणी. खाली सही. एवढं लिहायचं म्हटलं की तीन मिनिटांची टेस्ट आपोआप लांबते.

गंमत म्हणजे कायद्याला हे कळलेलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू २० जुलै २०२०) सांगतो की दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर जिल्हा आयोगानं वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि ४५ दिवसांत अहवाल घ्यावा. या कायद्यानं हॉस्टेलवाल्यांची आणखी एक सोय केली. तक्रार आपण जिथं राहतो तिथल्या आयोगात करता येते, दुकानदाराच्या गावी खेटे घालायला नकोत. आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. दर २४ डिसेंबरला ग्राहक दिनाच्या भाषणात आपण 'ग्राहक राजा' ऐकून टाळ्या वाजवतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी आयोगापर्यंत गेलो नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला, तक्रार क्रमांक घेतला आणि कंपनीला एक पानी पत्र धाडलं: सीरियल नंबर, तारीख, फोटो, आणि 'आपण केलेल्या चाचणीचा तपशील लेखी द्यावा' ही एकच विनंती. आठव्या दिवशी फोन आला. पुन्हा पहाटेची एसटी. या वेळी टेबल रिकामं होतं! स्टिक ठेवून घेतली, रात्रभर चालवली, दुसऱ्या दिवशी कळवलं, "हो, एरर येतायत." बदली स्टिक हातात पडेपर्यंत ४१ दिवस झाले. तोवर बाजारात रॅमचे भाव इतके चढले होते की बिलाच्या पैशात नवी आलीच नसती. दोन वेळचं एसटी भाडं, बुडालेली दोन प्रॅक्टिकल्स आणि एक प्रोजेक्ट रिव्ह्यू, हे वॉरंटीत बसत नाही.

आलेली स्टिक नवी नाही, दुरुस्त केलेली आहे. त्या रात्री मेमटेस्ट लावूनच झोपलो. सकाळी शून्य एरर. पेन ड्राइव्ह टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. ज्याला हवा त्यानं न्यावा, पण चार जीबीचा माझा स्वतःचा आहे, परत आणून द्यावा.